दगडावरचा तर्जुमा

मुशायऱ्यात दाद मिळते ती उभ्याउभ्या. शेर पडला की 'वाह' उठते, नाही तर शायर मुकाट्याने पुढच्या शेराकडे वळतो. वर्तमानपत्री समीक्षेचे तसे नाही. तिथे गवयाचे आधीचे काम, त्याचे गाव, त्याचे वय, सगळे तराजूत पडते. हा फरक आमच्या नीट ध्यानात आला तो आयर्लंडच्या एका बँडमुळे. बँड म्हटले की आमच्यासारख्यांना वरात आठवते. पण हे नाव आमच्यापर्यंत पोहोचवले आमच्या कॉलेजवीर भाच्याने. "मामू, यांची गाणी ऐका. हे तुमच्या शायरांसारखेच भांडकुदळ आहेत," असे त्याचे शिफारसपत्र होते.

फाँटेन्स डी.सी. हे त्या बँडचे नाव. डी.सी. म्हणजे डब्लिन सिटी. पाच तरुण डब्लिनच्या संगीत महाविद्यालयात भेटले आणि कवितेच्या वेडाने एकत्र आले. त्यांचा पहिला अल्बम २०१९ चा 'डॉगरेल'. या शब्दाचा अर्थ ओबडधोबड तुकबंदी. म्हणजे लोकांनी नावे ठेवण्याआधीच त्यांनी स्वतःला नाव ठेवून घेतले! गाणी धावती, आवाज गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा, उच्चार अस्सल डब्लिनचा. समीक्षकांनी त्यांना 'पोस्ट-पंक'च्या खणात ठेवले. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात पंक संगीताचा आरडाओरडा उठला. त्यानंतरच्या पोरांनी तोच राग घेतला, पण बेस गिटारचा ठोका पुढे आणला आणि शब्दांना विचार दिला. तो हा पोस्ट-पंक.

पहिल्या अल्बमला ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०२० च्या दुसऱ्याला, 'अ हीरोज डेथ'ला, ग्रॅमीचे. मग २२ एप्रिल २०२२ रोजी तिसरा आला, 'स्किंटी फिया'. ही त्यांच्या ड्रमवाल्याच्या घरातल्या एका म्हाताऱ्या नातलग बाईच्या तोंडची आयरिश शिवी. अर्थ साधारण असा, की हरणाचा सत्यानाश होवो. या अल्बमात धाव कमी आणि अंधार जास्त. एक गाणे तर नुसत्या अकॉर्डियनच्या साथीवर चालते. ज्यांची ख्याती जोशाची, त्यांनी जोशच आवरला, तर समीक्षकाने काय म्हणावे?

बहुतेकांनी चांगलेच म्हटले. बँड परिपक्व झाला, हा सूर बऱ्याच ठिकाणी होता. ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे अल्बम विक्रीच्या यादीत पहिला आला. पण 'परिपक्व' या शब्दापाशी आम्ही थबकलो. आम्हीही शाळेत दंगेखोर मुलगा गप्प बसू लागला की प्रगतिपुस्तकात 'समज वाढली आहे' असा शेरा ठोकतो. तो गप्प का झाला, हे मात्र त्या रकान्यात मावत नाही. यांच्यातले बहुतेक जण दरम्यान डब्लिन सोडून लंडनला राहायला आले होते. परक्या शहरात माणूस आपल्याच उच्चाराला कान लावून बसतो. त्या अल्बमातली शांतता ही अशी आहे.

ज्यांनी या शांततेचे कारण शोधले, ते समीक्षक पहिल्या गाण्यापाशी थांबले. ते सुमारे सहा मिनिटांचे आहे आणि त्याचे नाव आयरिश भाषेत आहे: 'इन आर ग्रीहा गो जो', म्हणजे 'आमच्या हृदयात सदैव'. अनेक आवाज मिळून हेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. मुशायऱ्यात कुणी 'मुकर्रर' म्हणावे आणि शायराने थांबूच नये, तसे.

हे शब्द आले एका कबरीवरून. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथे एक आयरिश बाई वारली. मुलांना तिच्या दगडावर हे शब्द तिच्या भाषेत कोरायचे होते. २०२० साली तिथल्या चर्चच्या न्यायालयाने सांगितले, की सोबत इंग्रजी तर्जुमा हवा. नुसती आयरिश ओळ राजकीय घोषणा वाटण्याचा धोका आहे. घरच्यांनी अपील केले आणि २०२१ मध्ये ते जिंकले. तर्जुम्याविना दगड बसवायची परवानगी मिळाली.

आता गंमत पाहा. न्यायालयाने मागितलेला तो तर्जुमा शेवटी दिला कुणी? समीक्षकांनी! अल्बमाविषयी लिहिताना त्यांनी त्या शब्दांचा अर्थ सांगितला, कबरीची हकीकत सांगितली. तर्जुमा तोच. पण न्यायालयाच्या तोंडी ती अट होती: आधी आमच्या भाषेत बोल, मग रडायची परवानगी. समीक्षकाच्या हाती आल्यावर त्याच शब्दांचे आमंत्रण झाले: ही बाई अशी होती, या, ऐका. आमच्या मते समीक्षेचे मोठे काम हेच आहे. गुण मोजायला तर आम्ही बी.एड.वालेही बसलो आहोत.

उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल आला, की उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. तिथेही अक्षरे वाचण्याआधीच त्यांचा हेतू वाचला गेला होता.

आमच्या अम्मीच्या कबरीचा कतबा उर्दूत आहे. दगड घडवायला दिला तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "भाईजान, खाली मराठीतही नाव टाका. पोरे मराठी शाळेत जातात, त्यांना नानी सापडली पाहिजे." आम्ही टाकले. कुणाचा हुकूम नव्हता, कुणाचा आक्षेपही नव्हता. उर्दूचे एक अक्षरही त्यामुळे कमी झाले नाही.

भाचा आता ते आयरिश शब्द अडखळल्याशिवाय म्हणतो. समीक्षा वाचून वाचून त्याला त्यांचा अर्थ पाठ झाला आहे. कतब्यावर नानीच्या नावाखाली एक दुआ कोरलेली आहे. तिचा मराठी तर्जुमा आम्ही दगडावर घातलेला नाही. कब्रस्तानात गेलो, की ती तो आमच्याकडून वाचून घेतो आणि दर वेळी तिचा अर्थ विचारतो. आम्हीही दर वेळी सांगतो.