दगडावरची बाग

पावसाळ्यात कसारा घाट चढताना गाडीच्या खिडकीतून झाडांकडे नीट बघा. खोडांवर, फांद्यांवर एक नेचा ऐटीत बसलेला दिसेल. त्याचं नाव बाशिंग. हे बांडगूळ नव्हे, बरं का! बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषतं. बाशिंग फक्त बसायला जागा मागतं. आपल्या तपकिरी पानांत पाचोळा साठवतं आणि त्यावर भागवतं. अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात.

याच बाशिंगाच्या कुळातला एक भाऊ माझ्या घरी चक्क पाण्याखाली राहतो! त्याचं नाव जावा फर्न. जोडीला पश्चिम आफ्रिकेतला अनुबिआस आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या एका दुकानातून दोघं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कसारा लोकलनं आले.

टाकी आणायची म्हटल्यावर आई म्हणाली, “इथं माणसांना पाणी पुरेना, आणि तुझ्या माशांना कुठून आणायचं?” प्रश्न खराच होता. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, मोडकसागर अशी मोठी धरणं आहेत. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. तरी उन्हाळ्यात आपल्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी हौसेसाठी पाणी ओतणं बरं दिसतं का?

मग आम्ही हिशोब मांडला. टाकी छोटी, वीस लिटरची. मासे मोजकेच. दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलायचं आणि काढलेलं पाणी तुळशीला, मिरचीला घालायचं. माशांच्या विष्ठेमुळे त्यात खतही असतं. म्हणजे पाणी वाया जात नाही. माशांच्या घरी जाऊन परत येतं. आईला हे पटलं. आता बादली भरली की तीच आधी मिरचीकडे नेते!

ही झाडं लावणं सोपं आहे. आल्यासारखं त्यांचं आडवं खोड असतं. ते वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं. आपल्याकडचा काळा दगड स्वच्छ धुवा आणि खोड सुती दोऱ्यानं त्यावर हलकेच बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं दगडाला घट्ट धरतात. टाकी उन्हात ठेवू नका. दिवसाला सहा-सात तास साधा दिवा पुरतो. उजेड जास्त झाला, तर सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ चढतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घाला.

यानंतरचं काम सर्वांत अवघड: वाट बघणं! अनुबिआसला महिन्याला एखाद-दुसरंच पान येतं. जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. त्यात बीजाणू असतात. जुन्या पानावर पानफुटीसारखी इवली पिल्लं फुटतात. ती मोठी झाली की अलगद काढून मित्राला द्या.

दोन गोष्टी मात्र पाळा. घाटातलं बाशिंग उपटून टाकीत घालू नका. पाण्याखाली ते जगत नाही. आणि टाकीतले मासे किंवा झाडं ओढ्यात, नदीत सोडू नका. तिथल्या जिवांना त्यांचा त्रास होतो.

मग, बांधणार ना एक झाड? नवं पान आलं की वहीत तारीख लिहून ठेवा. वर्षाअखेर मोजा. पानं थोडीच भरतील, पण त्यांतलं प्रत्येक तुमच्या ओळखीचं असेल.