लांकडी मासोळी

जी वस्तु महाग ती चांगली, असा एक समज जगांत रूढ आहे, आणि पुष्कळ बाबतींत तो खराही ठरतो. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं, त्यांत साधनाची किंमत जसजशी वाढत जाते, तसतसा तें वापरणाऱ्याचा हात आंखडूं लागतो. भारी पेन कपाटांत राहतें आणि परीक्षेचा पेपर साध्या पेनानें लिहिला जातो. भरजरी शालू पेटींतच जुना होतो. गळानें मासे धरण्याच्या छंदांत हा अनुभव आम्हांस जितका स्पष्टपणें आला, तितका अन्यत्र क्वचितच आला असेल. म्हणून त्या छंदांतील एका लहानशा कारागिरीविषयीं, म्हणजे घरीं कोरलेली लांकडी मासोळी स्वस्त रंगांनीं रंगविण्याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ज्या वाचकांस या छंदाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. आमच्या कोंकणांत गरवणें, म्हणजे गरीला आमिष लावून मासे धरणें, ही गोष्ट नवी नाहीं. गरीला कोळंबी लावून खाडीच्या कांठीं शांतपणें बसलेलीं माणसें पुष्कळ गांवीं दिसतील. यांतलाच एक प्रकार असा कीं, खरें आमिष न लावतां लांकडाची अगर प्लॅस्टिकची मासोळी दोरीस बांधून दूर फेकावयाची, आणि चाकावर दोरी गुंडाळीत ती अशा रीतीनें ओढावयाची कीं, एखादी जखमी मासोळी धडपडत चालली आहे असें पाण्यांतील मोठ्या माशास वाटावें. मासोळीच्या तोंडाशीं एक पातळ पारदर्शक पट्टी बसविलेली असते. दोरी ओढतांच पाण्याचा दाब तिजवर पडतो, आणि मासोळी बुडी मारून दोन्ही बाजूंस डुलूं लागते. पोटाखालीं व शेपटीशीं तीन तोंडांचे गळ टांगलेले असतात.

आतां अडचण अशी कीं, जिताडा आणि तांबोशी या खाडींतल्या माशांना दबा धरून बसण्यास आडोसा लागतो. खारफुटीच्या मुळ्या, जुन्या धक्क्याचे खांब, बुडालेले ओंडके, हीं त्यांचीं ठिकाणें. मासा तेथें असतो, आणि मासोळी अडकून दोरी तुटण्याचें भयही नेमकें तेथेंच असतें.

आमच्या भाच्यास बारावें वर्ष लागलें, तेव्हां त्याच्या वडिलांनीं त्याला दुकानांतली एक सुरेख मासोळी आणून दिली. तिची किंमत साडेचारशें रुपये होती. सबंध सुटी तो ती घेऊन आमच्याबरोबर खाडीवर येत असे. पण फेकी ती नेहमीं मध्यभागीं, उघड्या पाण्यांत. तेथें अडकण्यासारखें कांहीं नव्हतें आणि अर्थातच मिळण्यासारखेंही कांहीं नव्हतें. आम्हीं एकदां मुळ्यांकडे बोट दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, "मामा, तिथं टाकली आणि तुटली तर? बाबा रागावणार नाहींत, पण त्यांना वाईट वाटेल." या बोलण्यावर आम्ही निरुत्तर झालों. त्या मुलाच्या आड त्याचा भित्रेपणा नव्हे, तर चांगुलपणा येत होता. आणि असल्या अडचणींत उपदेशाचा कांहींएक उपयोग होत नाहीं. जी गमावली तरी कोणाचेंही मन दुखावणार नाहीं, अशी मासोळी आपल्याच हातांनीं करावी, हाच एक मार्ग आम्हांस दिसला.

या मार्गानें पूर्वीं थोर माणसें गेलेलीं आहेत. फिनलंड देशांत लौरी रापाला नांवाचा एक गरीब मच्छिमार होऊन गेला. लहान माशांच्या थव्यांतून जो मासा वेडावांकडा पोहतो त्याजवरच मोठा मासा झडप घालतो, हें त्यानें नाव वल्हवितां वल्हवितां पाहून ठेविलें होतें. १९३६ सालीं त्यानें बुचाचा तुकडा कोरून तशाच चालीची मासोळी तयार केली. अंगास चकाकी यावी म्हणून चॉकलेटच्या वेष्टणाचा चंदेरी कागद चढविला, आणि वरून लेप हवा म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिल्मा वितळवून वापरल्या. पुढें त्याच मासोळीवर एक जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला. त्याच्यापाशीं भारी साहित्य नव्हतें. परंतु पाहण्याचे डोळे होते.

आम्हीं पांगाऱ्याचें हलकें लांकूड घेतलें, त्याची चार इंच लांबीची मासोळी कोरली, काचकागदानें गुळगुळीत केली आणि लांकडानें पाणी पिऊं नये म्हणून सीलरचे दोन हात दिले. येथवरचें काम सोपें होतें. खरा प्रश्न रंगाचा.

नुकत्याच धरलेल्या बोय माशाकडे लक्षपूर्वक पाहावें. पाठ काळसर, कूस चंदेरी आणि पोट पांढरें. पण एक रंग कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला हें बोटानें दाखवितां येत नाहीं. ही उतरण निव्वळ शोभेसाठीं नाहीं. प्रकाश वरून येतो, त्यामुळें कोणत्याही वस्तूची वरची बाजू उजळ व खालची काळोखी दिसते. माशाचे रंग याच्या नेमके उलट असल्यामुळें उजेड आणि सावली एकमेकांची भरपाई करतात, आणि मासा पाण्यांत सपाट व पुसट दिसतो. अमेरिकेंतील चित्रकार ॲबट थेयर यानें १८९६ सालीं हें तत्त्व लेख लिहून मांडलें. साध्या कुंचल्यानें ही उतरण साधणें फार कठीण; दोन रंगांच्या मध्यें रेघ उमटतेच.

ज्या साधनानें ती साधते त्यास एअरब्रश म्हणतात. आम्ही त्यास फवाऱ्याची लेखणी म्हणतों. अमेरिकेंत १८७९ च्या सुमारास अब्नर पीलर यानें हिचा एक आरंभीचा ओबडधोबड नमुना बनविला. अत्तराच्या फवाऱ्याचेंच तत्त्व हिच्या मुळाशीं आहे. बारीक छिद्राजवळून हवा वेगानें गेली कीं तेथला दाब कमी होतो, रंग आपोआप ओढला जातो आणि हवेंत त्याचे सूक्ष्म कण होतात. लेखणीच्या पाठीवरील खटका खालीं दाबला कीं हवा सुटते, आणि मागें ओढला कीं आंतली सुई सरकून रंग सुटतो. ही दोन कामें एकाच बोटानें, निरनिराळ्या प्रमाणांत करावयाचीं असतात. आरंभीं मासोळी हातीं न धरतां जुन्या वर्तमानपत्रावर आठ दिवस रेघा व ठिपके काढीत बसावें, हें उत्तम.

या लेखणीसाठीं खास तयार केलेले रंग मिळतात, पण त्यांची किंमत पुष्कळ असते. त्यांऐवजीं मुलें शाळेंत हस्तकलेस वापरतात तेच पाण्यांत मिसळणारे ॲक्रिलिक रंग आम्हीं घेतले. स्वस्त रंगाचा दोष एवढाच कीं, तो दाट असतो आणि त्याची पूड जाड असते. तो तसाच भरला तर छिद्र तात्काळ बुजतें. पण दोष कळला कीं उपायही सुचतो. रंग दुधाइतका पातळ करावा, परंतु नुसत्या पाण्यानें नव्हे. पाणी फार झालें तर रंगास धरून ठेवणारें द्रव्य विरळ होऊन तो पुढें निघूं लागतो, म्हणून रंगहीन ॲक्रिलिक माध्यम थोडें मिसळावें. नंतर तो तलम कापडांतून गाळून घ्यावा. लेखणीचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरचें असावें, आणि हवेचा दाब दर चौरस इंचास २५ ते ३० पौंड ठेवावा. रंग बदलतांना लेखणी पाण्यानें धुवावी व सुईच्या टोकावर वाळलेला कण हलक्या हातानें पुसावा. रंग पाण्याचा असला तरी त्याचे कण छातींत जाऊं नयेत, म्हणून तोंडावर मुखपट्टी बांधून खिडकीपाशींच काम करावें.

प्रथम सर्वांगास पांढरा रंग द्यावा, कारण पातळ रंगाचें तेज त्याच्या खालच्या पांढऱ्यावर अवलंबून असतें. मग कुशीस चंदेरी व पाठीस हिरवट करडा. प्रत्येक हात इतका पातळ असावा कीं, पहिल्यानें कांहींच फरक पडला नाहीं असें वाटावें. तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. जो एका हातांत रंग पुरा करूं पाहतो त्याच्या मासोळीवर ओघळ येतात. खवल्यांसाठीं मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून बसवावा व वरून गडद रंगाचा फवारा मारावा. जाळी काढतांच खवल्यांची रांग उमटलेली दिसते. हा क्षण मुलांस फार आवडतो. शेवटीं डोळा काढून दोन भागांचा इपॉक्सी लेप द्यावा आणि तो घट्ट होईपर्यंत मासोळी सावकाश फिरवीत राहावें. नाहीं तर लेप एका बाजूस गोळा होतो.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगावयास हवी. दुकानांतल्या कित्येक मासोळ्या माशापेक्षां गिऱ्हाइकासच अधिक भुलवितात. पाणी सूर्यप्रकाशांतला तांबडा रंग सर्वांच्या आधीं शोषून घेतें. स्वच्छ समुद्रांतसुद्धां थोड्या मीटर खोलीवर तांबडा रंग काळपट दिसूं लागतो. मग पावसाळ्यांतल्या गढूळ खाडींत नाजूक नक्षी कोणास दिसणार? तेथें उपयोगीं पडते ती ठळक छटा, पाठ-पोटांतला फरक आणि पोहण्याची चाल. या तिन्ही गोष्टी स्वस्त रंगांनीं उत्तम साधतात. माशास किंमतीची चिठ्ठी वाचतां येत नाहीं.

त्या सुटींत आम्हीं मामा-भाच्यांनीं मिळून नऊ मासोळ्या केल्या. गळ तेवढे विकत आणावे लागले. दुसऱ्या दिवशीं भाच्यानें आपण रंगविलेली मासोळी प्रथमच खारफुटीच्या मुळ्यांत फेकली, आणि ती पहिल्याच फेकींत अडकून तुटली. आम्हीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें. तो क्षणभर गप्प राहिला, मग हंसून म्हणाला, "मामा, तिची पाठ जरा जास्तच हिरवी झाली होती. दुसरी द्या." दुसरीही गेली. तिसरीला मुळ्यांच्या सावलींतून एक तांबोशी येऊन भिडली. ती फार मोठी नव्हती, हातभरही नव्हती. पण काठी वांकली तेव्हां त्या मुलाचा चेहरा जसा फुलला, तसा तो वाढदिवसाची पेटी उघडतांना फुलला होता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. मासा लहान म्हणून त्यानें तो आपण होऊन पाण्यांत सोडला.

तथापि स्वस्त वस्तु म्हणजे बेपर्वाईनें टाकण्याची वस्तु, असा अर्थ कोणी करूं नये. मुळ्यांत राहिलेला गळ एखाद्या पक्ष्याच्या अगर कोळी बांधवाच्या पायांत रुतूं शकतो. म्हणून आम्हीं गळांचे कांटे पकडीनें दाबून टाकिले होते, आणि त्याच दिवशीं ओहोटी लागल्यावर चिखलांतून जाऊन दोन्ही तुटलेल्या मासोळ्या शोधून काढल्या. एकीचा रंग खरवडला होता. तो पुन्हां देण्यास अर्धा तास पुरला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांपैकीं सर्वांस मासे धरण्याचा छंद लागावा, असा आमचा आग्रह नाहीं. पण एखादें साधन तरी स्वतःच्या हातांनीं बनवून पाहा. जें आपण बनविलें तें मोडलें तर पुन्हां कसें बनवावें हें आपणांस ठाऊक असतें, आणि हें ठाऊक असलेला माणूस अवघड जागीं हात घालण्यास कचरत नाहीं. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलास वस्तु आणून द्याल तेव्हां ती वापरतांना हरवण्याची मोकळीकही तिच्याबरोबर द्यावी. भाच्याच्या वडिलांस ही सर्व हकीकत कळली, तेव्हां त्यांनीं पुढच्या वाढदिवसास त्याला काय आणून दिलें असेल? हस्तकलेच्या रंगांच्या बारा बाटल्या, आणि एक पांगाऱ्याची फळी.