‘टू’ पुढचा ‘इंग’

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो आणि बी.एड. करून उर्दू शाळेतच इंग्रजी शिकवू लागलो. घरात आमची बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि परीक्षेला इंग्रजी. चार भाषांत वावरूनही ‘यांची भाषा कच्ची’ हे आम्हाला ऐकावे लागते.

नोकरीच्या पहिल्या अर्जात शेवटी आम्ही लिहिले होते, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ मुलाखतीला बसलेल्या एका गृहस्थांनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “उर्दूवाल्यांचे इंग्रजी असेच!” ‘हिअरिंग’ हवे होते. चूक आमची एकट्याची. बोल मात्र साऱ्या समाजाला लागला. ‘टू’ पुढे मूळ क्रियापद, एवढेच आम्ही पाठ केले होते.

शिकवता शिकवता उलगडा झाला. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वॉन्ट टू गो’ मधला क्रियापदाचा सोबती. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला मात्र नाम मागतो. तिथे क्रियापद आणायचे तर ‘इंग’ लावून त्याचे नाम करावे लागते. वर्गात आम्ही सांगतो, त्या जागी ‘ईद’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू ईद’ बसते, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू ईद’ बसत नाही, म्हणून ‘टू मीट यू’. मुले हसतात, पण विसरत नाहीत.

आणि हे आपल्याला परके कुठे आहे? उर्दूत ‘मिलना’चे ‘मिलने का इंतज़ार’ होते, मराठीत ‘भेटणे’चे ‘भेटण्याची वाट’. अर्थात हा मेळ सगळीकडे बसत नाही. ‘जाने की कोशिश’ इंग्रजीत ‘ट्राय टू गो’च राहते. ‘वर्थ’, ‘बिझी’, ‘इट इज नो यूज’, ‘कान्ट हेल्प’ यांच्यापुढे तर ‘टू’ नसतानाही ‘इंग’ येतो. ते वाचून, बोलूनच अंगवळणी पडते.

सर्वांत जास्त घोळ ‘यूज्ड टू’चा. ‘आय यूज्ड टू वॉक’ म्हणजे पूर्वी चालत असे, आता सुटले. ‘आय ॲम यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे चालायची सवय आहे.

आमचे गाव यंत्रमागांचे. दहावीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, ‘आय ॲम यूज्ड टू स्टडिंग बिसाइड द लूम्स.’ व्याकरण अचूक होते. आम्ही बरोबरची खूण केली आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. मागांच्या खडखडाटात बसून वाचणारी ती पोर डोळ्यांपुढे आली.

निकालानंतर तिचे अब्बा दाखला न्यायला आले. म्हणाले, “अब बस. रिश्ता आया है.” आम्ही व्याख्यान दिले नाही. एवढेच म्हणालो, “भाई, बच्ची को पढ़ने की आदत है. छूटेगी नहीं.”

ते गप्प राहिले. दाखल्याची घडी खिशात ठेवली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “कॉलेज का फॉर्म कब तक भरना है?”

आम्ही तारीख कागदावर लिहून दिली. तिचे वाक्य ‘आय यूज्ड टू स्टडी’ होऊ नये, एवढीच आमची दुआ.