प्लास्टिकचा प्रकाशतंतू आणि किलोमीटरची मोजपट्टी

दिवाळी अंकासाठी प्रकाशतंतूंवर लेख मागवताना संपादक 'सामान्य वाचकाला समजेल असे लिहा' अशी अट घालतात, आणि ती रास्तच असते. परंतु या विषयातील सर्वांत चिवट गैरसमज सामान्य वाचकाने नव्हे तर अभियंत्यांनी जोपासलेला आहे. प्लास्टिकचा प्रकाशतंतू म्हणजे काचेच्या प्रकाशतंतूची स्वस्त आणि कमअस्सल आवृत्ती, असे पदवीच्या पाठ्यपुस्तकांतील दोन ओळींवरून ठरवून टाकले जाते आणि पुढे त्याचा फेरविचार कोणी करत नाही. सामान्य वाचकाने हा तंतू पाहिलेला असतो तो शोभेच्या दिव्यांत, टोकाशी रंगीत ठिपके चमकवणाऱ्या केसांसारख्या झुपक्यात, त्यामुळे त्याच्यातून माहिती जाते हे सांगितले की तो चकित तरी होतो. अभियंता मात्र चकित होत नाही, कारण त्याच्या लेखी प्रश्न केव्हाच निकालात निघालेला असतो.

काचेच्या तंतूची कथा आता सर्वपरिचित आहे. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील असे दाखवले, १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत तसा तंतू तयार झाला, २००९ मध्ये काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्येही काचेचे तंतू ओढले जातात. प्लास्टिकच्या तंतूची कथाही १९६० च्या दशकातच, अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत सुरू झाली आणि नंतर जपानी कंपन्यांच्या हाती गेली, पण ती क्वचितच सांगितली जाते.

या तंतूचा गाभा पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचा, म्हणजे दुकानांच्या पाट्यांसाठी जे ॲक्रिलिक वापरतात त्याच पदार्थाचा, अतिशय शुद्ध स्वरूपातला असतो. गाभ्याचा व्यास ९८० मायक्रॉन असतो आणि त्याभोवती फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचे दहा मायक्रॉन जाडीचे आवरण असल्याने एकूण व्यास एक मिलिमीटर भरतो. गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरल्यावर प्रकाशाचा वेग किती पटीने घटतो हे सांगणारी संख्या, १.४९ असून आवरणाचा त्याहून कमी असतो. त्यामुळे तिरक्या दिशेने सीमेवर आदळलेला किरण बाहेर न पडता आत परावर्तित होतो आणि अशाच अगणित परावर्तनांतून दुसऱ्या टोकाला पोहोचतो. दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या एकपथी काचतंतूचा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो, म्हणजे प्लास्टिकचा गाभा त्याच्या शंभरपटीहून अधिक जाड ठरतो. पुढील सर्व विवेचन या एका फरकाभोवती फिरते.

वादाचे मूळ क्षीणनात, म्हणजे प्रकाश वाटेत किती कमी होतो या प्रश्नात आहे. क्षीणन डेसिबलमध्ये मोजतात. दर दहा डेसिबलला प्रकाश एकदशांश उरतो, तर तीन डेसिबलला निम्मा. काचेच्या उत्तम तंतूचे क्षीणन १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल, तर ॲक्रिलिकच्या तंतूचे ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे १५० डेसिबल असते. हे दोन आकडे पाठ्यपुस्तकात शेजारी शेजारी छापले की चर्चा संपते, कारण १५० डेसिबल म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांपैकी एकच भाग पलीकडे पोहोचणे होय. परंतु ज्या वस्तूचा वापर कोणी एक किलोमीटर लांबीवर करतच नाही तिची परीक्षा किलोमीटरच्या मोजपट्टीने का घ्यावी, याचे उत्तर या पुस्तकांत सापडत नाही. हाच आकडा मीटरमागे मांडला तर तो ०.१५ डेसिबल होतो. दिवाणखान्यापासून मागच्या खोलीपर्यंत तार फिरवत नेली तरी तिची लांबी वीस मीटर होते. तेवढ्या अंतरात तीन डेसिबल जातात आणि निम्मा प्रकाश उरतो. पन्नास मीटरला शंभरातले अठरा भाग उरतात, आणि लाल एलईडी व साधा ग्राहक डायोड यांच्या जोडीला ते पुरतात. मोटारीत तर लांबी दहा-पंधरा मीटरच्या पुढे फारशी जात नाही. क्षीणनाचे एकक अंतराशी बांधलेले असते, आणि अंतर न विचारता केलेली तुलना ही तुलनाच नव्हे, एवढी साधी गोष्ट या क्षेत्रात पुनःपुन्हा सांगावी लागते आणि प्रत्येक वेळी ती नव्यानेच ऐकल्यासारखी ऐकली जाते.

या क्षीणनाचे कारण अशुद्धी हे नाही, ते रसायनातच आहे. ॲक्रिलिकच्या रेणूतील कार्बन व हायड्रोजन यांचा बंध अवरक्त प्रकाशात, साडेतीन मायक्रॉनच्या अलीकडे, जोराने कंप पावतो, आणि त्या कंपनाचे उच्च संनाद दृश्य प्रकाशापर्यंत पोहोचून मधल्या तरंगलांबी शोषून घेतात; म्हणून ५२०, ५७० आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद खिडक्याच वापरण्याजोग्या उरतात. हायड्रोजनच्या जागी त्याचे जड रूप ड्यूटेरियम घातले तर कंपन मंदावते आणि शोषण दूर सरकते. १९८० च्या दशकात जपानमध्ये अशा तंतूने क्षीणन किलोमीटरमागे सुमारे वीस डेसिबलपर्यंत उतरवले, पण पदार्थ महाग होता आणि हवेतील बाष्प शोषून पुन्हा अपारदर्शकतेकडे झुकत होता. त्यानंतर केओ विद्यापीठातील यासुहिरो कोइके यांनी असाही ग्लास कंपनीच्या सहकार्याने हायड्रोजन पूर्णपणे काढून त्याजागी फ्लोरिन असलेल्या सायटॉप या पदार्थाचा तंतू विकसित केला. त्याच्या गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे क्रमाने घटत जातो, त्यामुळे कडेने लांबची वाट घेणारा किरण तेथे अधिक वेगाने धावतो आणि मधल्या किरणाला गाठतो. विज्ञान म्हणून हे काम अत्यंत देखणे आहे आणि त्याविषयी या क्षेत्रातील प्रत्येकाला अभिमान वाटावा. पण क्षीणन कमी करण्याच्या या खटपटीत गाभा ५० ते १२० मायक्रॉनपर्यंत बारीक झाला, आणि प्लास्टिककडे वळण्याचे मूळ कारणच बाजूला पडले. काचेशी काचेच्याच मैदानावर लढण्याचा हा मोह होता. किलोमीटरच्या मोजपट्टीने टीकाकारांप्रमाणे प्लास्टिकच्या समर्थकांनाही पछाडले होते, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

जाड गाभ्याचा लाभ आकड्यांतून नीट दिसतो. दोन तंतू जोडताना त्यांचे मध्य एकमेकांपासून एकदशांश मिलिमीटर सरकले, तर ९८० मायक्रॉनच्या गाभ्यात सुमारे तेरा टक्के प्रकाश वाया जातो, आणि तेवढ्याच चुकीने नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातला सगळा प्रकाश जातो. पन्नास मायक्रॉनचा धुळीचा कण एकपथी काचतंतूचे तोंड पूर्ण बंद करतो, तर जाड गाभ्याचा सुमारे चारशेवा हिस्साच झाकतो. म्हणूनच काचेसाठी फ्यूजन स्प्लायसरसारखे महागडे यंत्र आणि प्रशिक्षित हात लागतात, आणि प्लास्टिकचा तंतू धारदार पात्याने कापून, बारीक पॉलिश पेपरवर टोक घासून, नेहमीचा वायरमनही जोडू शकतो. प्रकाश लाल आणि डोळ्यांना दिसणारा असल्याने तार शाबूत आहे की नाही हे नुसते पाहून कळते. शिवाय तंतूतून वीज वाहत नसल्याने तो विजेच्या तारांसोबत एकाच पाइपमधून नेता येतो. ज्या शहरांत भिंतीत पुरलेले पाइप बिल्डरने एकदाच टाकून दिलेले असतात आणि पुन्हा भिंत फोडायला कोणी तयार नसतो, तेथे हा गुण लहान नाही. तरीही घराघरांत तो गेला नाही. युरोपात तसे प्रयत्न झाले, पण वायफायने तार ओढण्याची गरजच बहुतेकांच्या मनातून पुसली.

घरात हा तंतू आला तो वेगळ्या वाटेने. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर जोडण्यासाठी काढलेली टॉसलिंक ही जोडणी, जिच्या चौकोनी तोंडातून लाल प्रकाश डोकावतो, ती अनेकांच्या टीव्हीमागे आजही असते. या तारेच्या टोकांना सोन्याचा मुलामा देऊन ती चढ्या भावाने विकली जाते. सोने विजेचे उत्तम वाहक आहे आणि या तारेतून वीज जातच नाही, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही आणि सांगितले तरी पटत नाही. प्रकाश विजेहून वेगवान म्हणून प्रकाशतंतू वेगवान, हा समजही असाच. ॲक्रिलिकमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, आणि तांब्याच्या जोडतारेतील संकेतही साधारण त्याच वेगाने धावतो. फरक पडतो तो एका सेकंदात किती स्पंद वेगवेगळे ओळखता येतात यात.

आणि येथे प्लास्टिकच्या तंतूची खरी दुर्बलता आहे, जी क्षीणनाच्या गदारोळात झाकली जाते. जाड गाभ्यात सरळ जाणारा किरण आणि जास्तीत जास्त तिरका जाणारा किरण यांच्या वाटा असमान असतात; शंभर मीटरला दोघांच्या पोहोचण्यात सुमारे २८ नॅनोसेकंदांचे अंतर पडते. तिरक्या किरणांचे क्षीणन अधिक असल्याने प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी भरतो, पण सेकंदाला एक अब्ज बिट पाठवायचे तर एका बिटाच्या वाट्याला एकच नॅनोसेकंद येतो आणि शेजारचे स्पंद एकमेकांत मिसळून जातात. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३बीव्ही या २०१७ च्या मानकाने यावर काढलेला तोडगा फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला हवा. त्यात प्रकाश नुसता चालू-बंद करण्याऐवजी त्याच्या सोळा पातळ्या वापरतात, म्हणजे एका स्पंदात तीनहून अधिक बिट बसतात आणि स्पंदाला सुमारे तीन नॅनोसेकंद मिळतात. शिवाय तंतू संकेत कसा पसरवील हे आधी मोजून प्रेषकच त्याला उलट्या दिशेने वाकवून पाठवतो, ज्यायोगे वाटेतली विकृती त्या वाकवण्याला खोडून काढते. या पद्धतीने पन्नास मीटरवर, लाल एलईडीच्या साह्याने, एक गिगाबिट साधले. माद्रिदजवळच्या केडीपॉफ या छोट्या कंपनीच्या अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा होता.

मोटारींत हा तंतू त्याआधीच पोहोचला होता. मर्सिडीजच्या १९९८ च्या एस-क्लासमध्ये आणि २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत ध्वनी व पडदे यांची उपकरणे प्लास्टिकच्या तंतूच्या वलयाने जोडलेली होती, आणि इंजिनाच्या विद्युत गोंगाटाचा त्या वलयावर परिणाम होत नसे. वलयाची खोड अशी की एक उपकरण बंद पडले की सगळे मुके होते, आणि त्याचा दोष गॅरेजमध्ये हमखास तंतूवर ढकलला जाई. उष्णतेची मर्यादा मात्र तंतूचीच होती: ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून नेहमीचा तंतू ८५ अंशांपर्यंतच वापरतात, आणि उन्हात तापलेल्या छपराखाली किंवा इंजिनाशेजारी तो टिकवणे कठीण जाते.

या पार्श्वभूमीवर २०२३ चे ८०२.३सीझेड हे मानक आले. ते मोटारींसाठीच आहे, त्याचे वेग २.५ पासून ५० गिगाबिटपर्यंत आहेत, आणि त्यात निवडलेला तंतू काचेचा, ५० मायक्रॉन गाभ्याचा आहे. प्लास्टिकच्या बाजूच्या मंडळींना ही निवड अजून खुपते, पण तिचे कारण किलोमीटरच्या मोजपट्टीत नव्हते, त्यामुळे ती चुकीची म्हणता येत नाही. जाड गाभ्यातून बाहेर पडणारा सगळा प्रकाश झेलायचा तर फोटोडायोडही मोठा लागतो. डायोडचे क्षेत्रफळ वाढले की त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता वाढते, आणि ती भरायला-रिकामी व्हायला लागणारा वेळ वाढून डायोड मंद होतो. पंचवीस गिगाबिटचा डायोड काही दशक मायक्रॉनचाच असू शकतो, आणि त्याच्यापुढे एक मिलिमीटरचा तंतू धरला तर बहुतेक प्रकाश बाजूला सांडतो. ज्या जाडीने जोडणी सोपी केली तिनेच वेगाला मर्यादा घातली, आणि ही मर्यादा रसायन बदलून ओलांडता येत नाही.

जेथे वेग दुय्यम आहे तेथे मात्र चित्र वेगळे आहे. पवनचक्क्यांतील आणि विद्युत इंजिनांतील कन्व्हर्टरमध्ये हजारो व्होल्टवर उघडझाप करणाऱ्या अर्धसंवाहक स्विचांना 'आता उघड, आता मिट' एवढाच आदेश द्यायचा असतो, आणि तो देणाऱ्या नियंत्रक पट्टीपर्यंत तो व्होल्टेज पोहोचता कामा नये अशी अट असते. तेथे अंतर काही मीटरचे, वेग काही मेगाबिटचा, आणि तार बदलणारा तंत्रज्ञ हातात पाते घेऊन आलेला असतो. अशा पेटाऱ्यांत एक मिलिमीटरचा तंतू मुकाट्याने बसवला जातो, आणि त्याचे क्षीणन किलोमीटरमागे किती असे तेथे कोणी विचारत नाही.