भाचीबाईस, डिसेंबरच्या पाण्याविषयी

नागपूर,
नोव्हेंबरची अखेर

प्रिय भाचीबाई,


तुझा एडिनबराचा फोटो तुझ्या आईनं दाखवला. धड उजाडलंही नाही, तू काळ्या रबरी पोशाखात फळीवर उभी, हातात उंच वल्हं, आणि खाली लिहिलेलं : पाणी सात अंश. ताईनं एवढंच विचारलं, "ही पोट्टी काऊन असं करून राहिली रे?" मी काही बोललो नाही. आता तुझा बेत कळला. हवा भरायचा बोर्ड गुंडाळून बॅगेत आणायचा आणि अंबाझरी तळ्यात सूर्योदयाला उतरायचं. फोनवर तू मधेच हसतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थंडीचं. नागपूरचा उन्हाळाच साऱ्या देशाला ठाऊक; पण 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तरी ती हवेची थंडी. एवढं मोठं तळं रात्रीतून तेवढं गार होत नाही. हवा आठ-दहा अंशांवर असते तेव्हाही पाणी तिच्यापेक्षा बरंच उबदार असतं, म्हणून तर पहाटे पाण्यावरून वाफा निघतात. तुम्हा लोकांना ज्याची धास्ती असते तो पहिल्या मिनिटाचा झटका, आपोआप आत ओढला जाणारा श्वास आणि त्याबरोबर नाकातोंडात जाणारं पाणी, हा 15 अंशांखालच्या पाण्याचा खेळ आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून हा विषय तपासला. त्यांचा हिशेब तुला पाठ असेलच : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. तो हिशेब बर्फाळ पाण्याचा. आपल्या तळ्याला तो तसाच लावू नकोस.

इथे थंडी लागते ती बाहेर आल्यावर. पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं, आणि ओला सुती शर्ट ते काम काठावरही चालूच ठेवतो. आपल्याकडचे हौशी लोक पोहून आले की त्याच शर्टात टपरीवर चहा पीत गप्पा हाणतात, नंतर आठवडाभर शिंकतात आणि दोष पाण्याला देतात. तुझा जाड पोशाख इथे लागणार नाही. वारा अडवणारं पातळ जाकीट आण आणि कोरडे कपडे गाडीत ठेव. पाण्यावर जायचं ते पहाटेच. रात्रभर जमिनीलगतची हवा गार होऊन निपचित पडलेली असते, तळं आरशासारखं असतं. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि फळीवर उभा माणूस म्हणजे वाऱ्याला आयतं शीड. परतीची वाट वाऱ्याविरुद्ध असेल तर गुडघ्यांवर बस. उभं राहण्याचा हट्ट तिथे कामाचा नाही.

तू लिहिलंस, फळीवर उभं राहून वल्हवायचा हा खेळ हवाईहून आला. खरं आहे. वायकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे लोक लांब फळीवर उभे राहून वल्हं मारायचे, म्हणजे शिकाऊ मंडळींवर नजर ठेवता यायची. लेअर्ड हॅमिल्टनसारख्यांनी त्याला नव्यानं हवा दिली आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो जगभर पसरला. पण वैनगंगेकाठच्या ढीवरांना विचारशील तर त्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांचा अरुंद लाकडी डोंगा उभ्यानंच हाकतात, हातात बांबू, पायाशी जाळं, आणि तेही पहाटेच, कारण मासळी बाजारात वेळेवर पोचायला हवी. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव याच माणसांच्या पोटापाण्याचे. तोल सांभाळायची विद्या बघायची असेल तर एक दिवस तिकडे जाऊ. तुझ्या बोर्डाची किंमत मात्र त्यांना सांगू नकोस.

आता अंबाझरी. मला ते तळं जिवापाड आवडतं आणि तिथे तू उतरू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. भोसल्यांच्या शहराला पाणी पाजण्यासाठी 1870 च्या सुमारास ते वाढवलं. आज नागपूर पेंच आणि कन्हानचं पाणी पितं आणि अंबाझरीत वाडीकडचं सांडपाणी येतं. त्या खतावर जलपर्णी माजते. ती वरून हिरवळीसारखी दिसते, पण बोर्डाखालचं पातं तिच्यात अडकलं की तू आडवी, आणि पडलीस तर तेच पाणी तोंडात. नौदल एनसीसीची पोरं तिथे होड्या वल्हवायला शिकतात, पण ती होडीत बसून. तू पडणार आहेस, हे तूच लिहिलंस.

दुसरं कारण सांडवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडलं आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं दगावली. डिसेंबरात सांडवा कोरडा असतो, हे मान्य. तरी एक गोष्ट तुझ्या वेल्समधली सांगतो, कारण तू तिकडेही जातेस. 30 ऑक्टोबर 2021 ला हेवरफर्डवेस्टला पुराच्या नदीत फळ्यांवर निघालेली एक तुकडी बंधाऱ्यावरून खाली गेली आणि चार जण बुडाले. वाहत्या पाण्यात बोर्डाची दोरी घोट्याला बांधली आणि ती कुठे अडकली, तर पाण्याच्या जोरात हात तिथवर पोचत नाही. दोरी कमरेला हवी, एका हिसक्यात सुटणारी. तुझ्या फोटोत ती घोट्याला दिसते. तळ्यावर चालेल, नदीत चालणार नाही.

फुटाळ्याचं नाव तर काढूच नकोस. तिथे संगीत कारंजं उभारलंय, बसून बघायला प्रेक्षागृह बांधलंय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये निकाल आला की हे तळं माणसानं बांधलेलं आहे, म्हणून कायद्याच्या व्याख्येतली पाणथळ जागा नव्हे. कायद्याचं कायदा जाणे. मला खटकतं ते एवढंच की या शहराला तळं हवं असतं ते खुर्चीतून बघायला. दिवे लावले, गाणी लावली की तळं झालं. ज्या पाण्यात कोणी उतरतच नाही, ते घाण झालं तर ओरडणार कोण? तू फळी घेऊन आलीस तर निदान वास कुठून येतो ते विचारशील. तुझ्या छंदाचा मला दिसणारा मोठा फायदा हाच.

तर जायचं रामटेकच्या खिंडसी तळ्यावर. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर; सूर नदीवर इंग्रजांच्या काळात घातलेला मातीचा बांध, भोवती टेकड्या, वर गडमंदिर. आमचे भाऊजी बरोबर आले तर मेघदूत काढतीलच, त्यांना काठावर ठेवू. पाणी अंबाझरीपेक्षा कितीतरी बरं, आणि होड्या आधीपासून चालतात, म्हणून तुला कोणी वेड्यात काढणार नाही. परवानगी मात्र आधी काढायची. ते मी बघतो. मासेमारांची जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच विचारायचं. जाळ्यात पातं अडकवून त्यांच्या दिवसाची कमाई फाडायची आपल्याला गरज नाही. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो, म्हणजे घरून साडेचारला निघायचं. ताईला मी सांगून ठेवतो.

मगरींचं तू गमतीनं विचारलंस. 2021 साली नाग नदीत, ऐन शहरात, एक दिसली होती. खिंडसीत उतरण्याआधी तेही मासेमारांनाच विचारू.

एकटीनं जायचं नाही, ही अट. मी पोहायला शिकलो तो विहिरीत, कमरेला भोपळा बांधून. आता वय साठीच्या पुढे आहे आणि भोपळा उरलेला नाही. तेव्हा येताना एक जास्तीचं लाइफ जॅकेट आण. छाती 44 इंच.

तुझा,
मामा