कांडी कुठल्या वळूची?

आमच्या नंदिगड्डा गावात गाय दुधापेक्षा शेणासाठी पाळली जायची. सुपारीच्या बागेला पाला आणि शेणखत लागतं, आणि त्यासाठी ठेंगण्या मलनाड गिड्डा गाई पुरेशा होत्या. जेमतेम तीन फूट उंचीची ही गाय दिवसभर रानात चरते आणि लिटर-दोन लिटर दूध देते. 2012 मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पेंडीचं पोतं येतच नव्हतं.

होल्स्टीन संकराची गाय आली आणि तिच्यामागून पोतं आलं. गाईचं शरीर पोसायला रोज दीड किलो खुराक, वर दर अडीच लिटर दुधामागं एक किलो. दहा लिटर देणारी गाय साडेपाच किलो खाते, म्हणजे 50 किलोचं पोतं नऊ दिवसांत संपतं. वैरण वेगळीच. इथल्या पावसात कापलेलं गवत वाळत नाही, ढिगाच्या आत हात घातला तर गरम लागतं आणि बुरशीचा वास येतो. असं गवत मी गाईपुढं टाकत नाही. मग हल्याळकडून टेम्पोनं पेंढा आणायचा, आणि त्याचं भाडंही दुधातूनच फेडायचं. दूधधंद्यात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच असतो.

तरी कृत्रिम रेतनाच्या वेळी जो तो एकच मागणी करतो: जास्तीत जास्त दुधाचा वळू द्या. एकाच जातीच्या दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा वंशातून येतो. बाकीचा चारा, पाणी आणि निगेचा. फॅटचं प्रमाण मात्र बरंच अधिक वंशावर चालतं, आणि डेअरीत दर ठरताना फॅट बघतात. म्हणून मी वळूच्या मुलींच्या फॅटचा आकडा आधी विचारते. विदेशी रक्तही निम्म्यावर जाऊ देत नाही. त्यापुढं दुधाची आशा वाढते, पण उष्मा आणि गोचीड सोसायची ताकद घटते.

शेजारच्या गवळीवाड्यातले मामा हीच निवड कागदाशिवाय करतात. दावणीपाशी आले की आधी जनावराचे खूर बघतात. "वहिनी, चिखलात उभी राहील का, ते बघा आधी," म्हणतात. भर पावसात जी म्हैस दूध आखडत नाही, तिचाच रेडा ते कळपात ठेवतात. शहाणपणात ही पद्धत कुठल्याही तक्त्यापेक्षा कमी नाही, असं मला मनापासून वाटतं.

गोठा असणाऱ्या माझ्या बायाबापड्यांना एवढंच सांगणं आहे. गाय माजावर आली की आधी माळ्यावर किती पेंढा उरलाय ते बघा, मग रेतनासाठी फोन करा. आणि रेताच्या कांडीवर छापलेला वळूचा नंबर त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा.