मिशोने परत दिलेली शाई

मे गेली १९७२ च्या मार्चमध्ये. झाओ वू-की या चित्रकाराची ती दुसरी बायको. मूळची हाँगकाँगची, अभिनय सोडून शिल्पाकडे वळलेली. वय जेमतेम एक्केचाळीस. मनाच्या आजाराने तिला कित्येक वर्षं पोखरलं होतं. त्या शेवटच्या काळात झाओला मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणंही जमेना. तैलरंग बंद पडले. तेव्हा त्याचा जुना मित्र, कवी आंरी मिशो, त्याच्या मागे लागला: शाई घे, कागद घे.

या मागे लागण्यात काय होतं हे समजायला चोवीस वर्षं मागे जावं लागतं.

१९४८ च्या १ एप्रिलला झाओ पॅरिसला पोचला आणि त्याच दुपारी लूव्र पाहायला गेला. बरोबर पहिली बायको लालान होती. लहानगा मुलगा चीनमध्ये आजी-आजोबांकडे राहिला होता. पुढच्याच वर्षी चीनमध्ये सत्ता बदलली आणि परतीची वाट लांबली. मोंपार्नासच्या बाजूला त्याने घेतलेल्या स्टुडिओचा शेजारी होता शिल्पकार जाकोमेत्ती. शाईने अक्षरं गिरवायला झाओला त्याच्या आजोबांनी शिकवलं होतं, हांगचौच्या कलाशाळेत तो पारंपरिक चित्रकलाही शिकला होता. पण पॅरिसमध्ये त्याने शाई निश्चयाने बाजूला ठेवली. चिनी माणूस म्हणजे शाईची चित्रं, हा शिक्का त्याला नको होता. मला त्याचा हा हट्ट पटतो. परक्या गावात आलेल्या कलावंताकडून लोक त्याचा देश मागतात, आणि तो देऊन टाकला की त्याच्याकडे पाहायचं थांबवतात.

मिशो भेटला तो लिथोग्राफमुळे. झाओने छापलेले आठ लिथोग्राफ एका प्रकाशकाने मिशोला दाखवले आणि मिशोने त्यांवर कविता लिहिल्या. चित्रकाराची ओळख नसताना, कुणी न मागता. १९५० मध्ये त्याचं पुस्तक झालं. मिशोनेच पिएर लोएब या नावाजलेल्या गॅलरीवाल्याला झाओकडे नेलं. मग रने शारच्या कवितांसाठी झाओने एचिंग केली, रँबोच्या गद्यकवितांसाठीही चित्रं केली. लालान सोडून गेली तेव्हा, १९५७ मध्ये, पिएर सुलाज आणि त्याची बायको कोलेत झाओबरोबर अमेरिका, हवाई, जपान असा लांबचा प्रवास करत राहिली. आपल्याकडचे चित्रकार रझा मुंबईहून पॅरिसला पोचले तेही याच काळात, १९५० साली. बाहेरून आलेल्यांना ते शहर तेव्हा अशी माणसं देत होतं.

मिशो स्वतः बेल्जियमचा. तरुणपणी भारत, चीन, जपान फिरून आलेला, आणि कवी असून शाईने चित्रं काढणारा. १९४८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे झाओ पॅरिसला पोचण्याच्या काही आठवडे आधी, मिशोची बायको भाजून गेली. त्याने तिच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, छापलं आणि मग विक्रीतून परत घेतलं. शब्द त्याला पुरेनात किंवा सोसेनात. त्या वर्षी तो चित्रं काढत राहिला, पाण्याने भिजलेले रंग आणि शाई, कागदामागून कागद.

हे वाचलं तेव्हा मला माझी धाकटी बहीण गेली ते वर्ष आठवलं. धीर द्यायला घरी खूप माणसं आली. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मात्र दर दोन-चार दिवसांनी येऊन एवढंच विचारलं, “आज काही लिहिलंस का गं?” त्यांनी स्वतःचा मुलगा गमावलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

म्हणून मला वाटतं, मिशोने झाओला शाई सुचवली ती चित्रकलेतला सल्ला म्हणून फारशी नसावी. आपण कशाला धरून तरलो ते त्याने मित्राच्या हातात दिलं. आणि ती वस्तू झाओचीच होती, आजोबांकडून आलेली, पॅरिससाठी त्याने दूर सारलेली. शाईला पुसण्याची सोय नाही, थांबण्याचीही नाही. हात हलला की उमटलं. ज्याला तैलरंगाची महिनोन् महिने चालणारी झुंज झेपत नव्हती, त्याला एक श्वासभर काम पुरे होतं.

मे गेल्यावर त्याच महिन्यात झाओ चीनला गेला, चोवीस वर्षांनी पहिल्यांदा. आई भेटली. वडील १९६८ मध्येच गेले होते. परत येऊन त्याने पुन्हा तैलरंग उघडले आणि सप्टेंबरात पाच मीटरहून रुंद एक चित्र पूर्ण केलं. एरवी तो चित्रांना नावं देत नसे, पूर्ण झाल्याची तारीख तेवढी लिही. या चित्राच्या नावात १०.०९.७२ या तारखेबरोबर मेची आठवण आहे. ते त्याने फ्रान्सला देऊन टाकलं. आता ते पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे.

मिशो १९८४ च्या ऑक्टोबरात गेला. मेसाठी सहा महिन्यांत उभं राहिलेलं काम त्याच्या बाबतीत किती लांबावं? मित्राच्या नावाचं तीन भागांचं मोठं चित्र झाओने सुरू केलं १९९९ मध्ये आणि संपवलं २००० च्या उन्हाळ्यात, ऐंशीच्या वयात. शाई त्यानंतरही त्याच्या हातात होती. आणखी काही वर्षांनी तैलरंग कायमचे सुटले, तेव्हा पाणी आणि कागद यांवरच त्याने काम चालू ठेवलं.